तळहातावरचं कॅल्शियम

बारावीपर्यंत मी दोन पोरांची नाकं फोडली होती, त्यातलं एक मित्राचं. हे कौतुकाने सांगत नाही. गिरणी बंद पडल्यावर वडील मुलुंडच्या एका रंगाच्या कारखान्यात लागले, आणि तेव्हापासून त्यांचा पट्टा कमरेला कमी आणि माझ्या पाठीला जास्त असायचा. मी त्यांच्यावर गेलो, एवढंच.

कॉलेजातले केमिस्ट्रीचे सरही त्याच मातीचे. सूत्र चुकलं की टेस्ट ट्यूबचा लाकडी स्टँड बोटांच्या पेरांवर. शिकवायचे मात्र झकास. ऐंशीच्या दशकातली ती वर्षं. दर हिवाळ्यात घाटकोपरच्या एका कॉलेजात बारावीच्या मुलांची स्पर्धा भरायची. जोडीने बसायचं आणि पुडीतल्या पांढऱ्या भुकटीत कोणते दोन क्षार मिसळलेत ते तीन तासांत ओळखायचं. सरांनी मला आणि गोवंडीच्या एका मुलाला निवडलं.

त्याच्या वडिलांचं पत्र्याच्या ट्रंका बनवायचं दुकान होतं. बारावीनंतर पोराने तिथेच बसायचं हे ठरलेलं. फार रडारड केल्यावर वडील म्हणाले होते, स्पर्धेची शील्ड आण, मग कर तुझं बी.एस्सी. हे त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं.

"आणू रे," मी म्हणालो. "टेन्शन कशाला घेतोस?"

सॉल्टमध्ये अमोनियम आहे का हे बघायला कॉस्टिक सोडा घालून तापवावं लागतं. आमच्या लॅबमधला गॅस इतका मंद, की तापेपर्यंत तास संपायचा. त्यावर आमच्या कॉलेजच्या पोरांची एक युक्ती होती. चिमूटभर सॉल्ट तळहातावर घ्यायचं, वर तंबाखूचा चुना लावायचा, अंगठ्याने मळायचं आणि हुंगायचं. नाकात झिणझिण्या आल्या की अमोनियम. मळलेली चिमूट बेसिनमध्ये झटकून हात धुवायचा, हा नियम. चुन्याची डबी मी वडिलांच्या खिशातून मारायचो.

स्पर्धेच्या दिवशी बर्नर पेटवताना माझं कोपर लागलं आणि अर्धं सॉल्ट मोरीत गेलं. दुसरी पुडी मागितली की मार्क कापणार. जोडीदार पाठमोरा टेस्ट ट्यूब विसळत होता. मी सवयीने चिमूट घेतली, खिशातल्या डबीतला चुना लावला, मळलं, हुंगलं. अमोनियम होतं. मग तळहातावरची ती चिमूट टाकवेना, आधीच माल कमी. मी ती उरलेल्या ढिगात परत झटकली आणि त्याला फक्त अमोनियम आहे एवढंच सांगितलं.

पुढच्या टेस्ट त्याने केल्या. त्याचा हात हलका होता, एक थेंब जास्त पडायचा नाही. शेवटाकडे टेस्ट ट्यूबच्या तळाशी पांढरा साका बसला.

"कॅल्शियम दिसतंय," तो म्हणाला. "पण साका फार पुसट आहे यार. मॅग्नेशियमची टेस्ट करून बघू. अर्धा तास आहे अजून."

"दोन मिळाले ना? घाल चुलीत तुझं मॅग्नेशियम."

बरोबरी झाली तर आधी पेपर देणारे जिंकायचे. मी त्याच्या हातातून कागद हिसकावला आणि सगळ्यांच्या आधी देऊन आलो.

तासाभराने परीक्षकांनी फळ्यावर उत्तर लिहिलं: अमोनियम क्लोराइड, मॅग्नेशियम सल्फेट. आमचं कॅल्शियम त्यात कुठेच नव्हतं. तो फळ्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळला.

"तू चुना लावलास ना? मळलेलं कुठे टाकलंस?"

चुन्यात कॅल्शियमच असतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. मला त्या क्षणी सगळं कळलं होतं. कळलं म्हणूनच मारलं. हाताशी लाकडी स्टँड होता, तो मी त्याच्या तोंडावर घातला. पुढचा दात तुटून कडप्प्यावर पडला. तो खाली बसला नाही. त्याने लोखंडी स्टँड उचलून माझ्या खांद्यावर हाणला, माझं हाड कडाडलं, तसा मी त्याला पाडून छातीवर बसलो आणि ओढून काढेपर्यंत मारत राहिलो. माझ्या ॲप्रनवर जेवढं रक्त होतं ते सगळं त्याचं होतं.

सरांनी सगळ्यांसमोर दोघांच्या कानफटात दिली. "कोणी घाण केली?"

"याने," मी म्हणालो.

तो रक्ताने भरलेल्या तोंडाने काहीतरी बोलला. सरांनी ऐकून घेतलं नाही. वर्गात पहिला नंबर माझा होता.

संध्याकाळी सर आम्हा दोघांना घेऊन गोवंडीला गेले. त्याचे वडील पत्रा ठोकत होते. पोराचं तोंड बघून त्यांनी हातोडा खाली ठेवला. सरांनी मी सांगितलेलंच सांगितलं.

"बाबा, चुना याने..." तो म्हणाला.

"गप्प बस," सर म्हणाले.

वडिलांनी मला जवळ बोलावलं. आवाज अगदी साधा होता. "तू मारलंस याला?"

"हो."

"मी आजवर याला बोट लावलेलं नाही. परक्या पोराने एवढं मारलं, म्हणजे चूकही तेवढी मोठी असणार. सांग बाबा, याच्यामुळेच गेली ना शील्ड?"

पोरगा माझ्याकडे बघत होता. खरं सांगायला मला एक शब्द पुरला असता. पण खरं सांगितलं तर सर माझ्या वडिलांना कळवणार, आणि रात्री पट्टा निघणार. मी घाबरलो होतो. जोडीदाराला रक्तबंबाळ करून मी एका पट्ट्याला घाबरलो होतो.

"हो," मी म्हणालो.

सोमवारपासून तो दुकानात बसला.