देवनळाची भाजावळ

अल मजाजला राहत होतो आणि शारजातल्या एका लँडस्केपिंग कंपनीत सुपरवायझर होतो, तेव्हाची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एका म्हाताऱ्या अरबाबांचं, म्हणजे मालकांचं, शेत होतं. शेताखालच्या डोहाभोवती देवनळ, म्हणजे बांबूसारखा उंच पाणगवताचा प्रकार, इतका माजला होता की पाणी दिसेनासं झालेलं. पूर्वी तिथे गवत होतं, पाखरं उतरायची. ते सगळं परत यावं ही अरबाबांची इच्छा. आम्ही दोनदा नळ कापला, तो दोन्ही वेळा आणखी दाट फुटला.

आमच्या रत्नागिरीकडे पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळून भाजावळ करतात. अब्बांच्या हाताखाली मीही केलेली. मी म्हणालो, "सुका नळ जाळू या. वर लगेच पाणी चढवलं की बुडखे कुजतील."

"आग नहीं," एवढंच बोलून अरबाब उठून गेले.

त्यांच्या मुलाने मग सांगितलं. लहानपणी त्यांचं झावळ्यांचं घर जळालं होतं. धाकटी बहीण आत राहिली. मी तो विषय सोडून दिला.

हिवाळ्यात त्यांचाच फोन आला. "इस साल भी परिंदे नहीं उतरे. जलाने की परमिशन निकालो. मैं भी आऊँगा."

त्या सकाळी आम्ही एकच पट्टा निवडला, भोवती जाळरेषा खणली, टँकर उभा केला. जनावरं निघून जावीत म्हणून डबे वाजवले. तरी अरबाब विचारत राहिले, "अंदर कोई नहीं?"

तोंडी हो म्हणून भागणार नव्हतं. मी त्यांचा हात धरला आणि दोघं नळात शिरलो. ते काठीने नळ बाजूला करत, हाका मारत पूर्ण पट्टा फिरले. बाहेर आल्यावर म्हणाले, "खलास. लगाओ."

बिस्मिल्ला म्हणून मी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला सरकेल अशी आग लावली. नळ फटाफट फुटू लागले तसं त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. आग सावकाश जाळरेषेपर्यंत आली आणि विझली. ते वाळूतच बसले. बहिणीचं नाव घेतलं, तिला पाण्याची फार हौस होती म्हणाले. मीही शेजारी बसलो.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत त्या पट्ट्यात मोकळं पाणी होतं, काठाला कोवळं गवत. एका सकाळी ऑफिसात फोन वाजला.

"यल्ला, चलो," अरबाब म्हणाले, "दूसरा पट्टा कब जलाना है?"