मेव्हिसआजीने हलवलेला हात

कल्पना करा, एका जुन्या चित्रपटाची सुरुवात तुम्हाला कॉलेजच्या प्रकल्पासाठी जशीच्या तशी पुन्हा चित्रित करायची आहे. इंग्लंडमधल्या हल बंदराच्या धक्क्यावर मी आणि माझी वर्गमैत्रीण टिल्डा तेच करत होतो. मूळ दृश्यात मासेमारी बोटीला हात हलवणारी तरुणी म्हणजे टिल्डाची आजी, मेव्हिस. पुढे मासे साफ करून तिने एकटीने मुलगी वाढवली. आज त्याच जागी आम्ही तिलाच पुन्हा उभं केलं होतं.

"आजी, हलव ना हात! पुतळा झालीस का?" टिल्डा ओरडली.

"आमच्यात निघालेल्या बोटीला हात करत नाहीत गं. समुद्र माणूस ठेवून घेतो. तेव्हा दिग्दर्शकाने सांगितलं म्हणून केला. बोटीवर आल्फ होता, तुझा आजोबा. बोट परत आलीच नाही."

मी कॅमेरा खाली ठेवला.

"पोरांनो, तो जुना चित्रपट मोठा करून बघता येतो ना? आल्फने माझा हात पाहिला होता का रे?"