दोन मिलीचा धाक

"बाळ एकतिसाव्या आठवड्यातच आलंय," डॉक्टर म्हणाल्या. "वजन तेराशे ग्रॅम. श्वासाला मदत लागेल. एसएनसीयूत ठेवू या."

एसएनसीयू म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. नर्सना स्तनपान शिकवण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. कमी दिवसांच्या, अशक्त बाळांपर्यंत आईचं दूध कसं पोचवायचं, हाच माझा विषय. शिकवायला वापरतात तो लोकरीचा विणलेला स्तन हातात धरून मी तासन्‌तास बोलू शकते. पण त्या दिवशी मी त्याच कक्षाच्या दाराबाहेर उभी होते. आत माझी नात होती.

माझी लेक सायली देवगडला दिलेली. बाळंतपणासाठी माझ्याकडे मालवणला आली होती. सकाळी पेज जेवताना तिचं पाणी गेलं आणि दुपारपर्यंत बाळ झालंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या, "नळीने फीड सुरू करू. दर दोन तासांनी दोन मिली. आईचंच दूध हवं." फीड म्हणजे नाकातून पोटात सोडलेल्या बारीक नळीने दूध देणं. दोन मिली म्हणजे अर्ध्या चमच्याहूनही कमी. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाचं आतडं फार नाजूक असतं, त्याला आईच्या दुधाइतकं दुसरं काही मानवत नाही.

मी कंबर कसली. सायलीला हाताने दूध काढायला शिकवलं. मेथीची पेज, अळिवाची खीर डब्यातून आणली. आणि तिने वाटी पुढे केली की दर वेळी विचारलं, "किती इला?"

पहिल्यांदा पिवळा चीक आला, चार-पाच थेंब. मी छान म्हटलं. तिसऱ्या दिवशीही तेवढाच. तेव्हा म्हटलं, "अगो, सगळ्यांका मी शिकवतंय आणि माझ्याच चेडवाक जमणा नाय?" लेकीची थट्टा म्हणून म्हटलं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी वाटीत चांगलं तीन मिली दूध होतं. मी हरखले. दाराशी कक्षातली सिस्टर अर्चना उभी होती, माझीच जुनी विद्यार्थिनी. तिच्या हाती वाटी देणार तोच सायली अनवाणी धावत आली.

"आई, ता बाळाक देव नको! मी त्यात पाणी घातलंय."

मी वाटी मागे घेतली. तेराशे ग्रॅमचं बाळ, आणि त्याच्या पोटात बाटलीतलं पाणी गेलं असतं.

"तू दर वेळेक वाटीतच बघतंस," ती रडत म्हणाली. "माका भीती वाटता तुझी."

दुधात पाणी घालणाऱ्या आया मी पूर्वीही पाहिल्या होत्या. प्रत्येकीला झापलं होतं, मनात अडाणी म्हटलं होतं. ती कुणाला तरी घाबरली असेल, हे एकदाही सुचलं नाही. मला फार लाज वाटली. अजूनही वाटते.

अर्चनाने वाटी ओतून टाकली. सायलीला म्हणाली, "सांगितलंस ता बरा केलंस." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही वायच भायर बसा. मी आसंय तिच्याकडे."

मी बाहेर बाकावर जाऊन बसले. विद्यार्थिनीने मला वर्गाबाहेर काढलं होतं, आणि ती बरोबर होती.

त्या दिवशी जेवढं दूध आलं तेवढंच बाळाला दिलं, बाकीचं सलाइनवर भागलं. दुपारी ऑक्सिजनची नळी निघाल्यावर डॉक्टरांना विचारून अर्चनाने बाळाला सायलीच्या छातीवर ठेवलं. याला कांगारू मदर केअर म्हणतात, बाळ आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून. किती आलं, हे तिला कुणी विचारलं नाही. सहाव्या दिवशी दूध उतरलं.

ते माझ्यामुळेच अडलं होतं, असं म्हणणार नाही. अशा बाळंतिणीला दूध उशिराच येतं. हे मी वर्गात शिकवते आणि स्वतःच्या घरी नेमकं विसरले. तुमच्या घरी असं बाळ आलं तर बाळंतिणीची पाठ चोळा, तिला झोपू द्या, बाळाचं नाव काय ठेवायचं ते बोला. थेंब मोजायला सिस्टर आहेत.

पाचव्या आठवड्यात बाळ अंगावर प्यायला लागलं. सायलीने स्वतःहून मला आत बोलावलं. अशा वेळी माझे डोळे सवयीने बाळाच्या ओठांवर जातात, नीट धरलंय की नाही ते तपासायला. या वेळी मी आधी लेकीकडे पाहिलं. केस विस्कटलेले, डोळे ओढलेले.

"जेवलंस?" मी विचारलं.

"नाय गो," ती हसली. "कसा जेवतलंय?"

तिचे दोन्ही हात बाळात गुंतले होते. मी डबा उघडला, भात कालवला आणि पहिला घास तिच्या तोंडाशी नेला.