अण्णांची न घेतलेली रजा

सरकारी कागदांनुसार एकाहत्तरची लढाई आमच्या वडिलांनी राजाजीनगरच्या घरात बसून काढली. सकाळी कॉफी, दुपारी झोप, संध्याकाळी भाजीला एक फेरी. कागदावर एवढं लिहिलेलं नाही, पण ‘रजेवर’ म्हटलं की दुसरं काय डोळ्यांसमोर येणार? प्रत्यक्षात अण्णा त्या दिवसांत पूर्वेकडच्या एका नदीत, छातीभर थंड पाण्यात, पुलाच्या फळ्या धरून उभे होते.

घडलं ते असं. अण्णा पूल बांधणाऱ्या पलटणीत होते. लढाईच्या तोंडावर त्यांना दोन महिन्यांची रजा मिळाली आणि ते ट्रंक घेऊन गाडीत बसले. वाटेत एका जंक्शनवर मिलिटरी पोलिसांनी रजेवर निघालेल्या जवानांना खाली उतरवलं आणि हाताशी असेल त्या पलटणीबरोबर पूर्वेला धाडलं. अण्णा परक्या पलटणीत गेले, लढाई संपेपर्यंत तिच्याबरोबर राहिले आणि तिथूनच परस्पर आपल्या पलटणीत परतले. तिथल्या कारकुनाने वही उघडली, रजेचे दिवस संपलेले पाहिले आणि लिहून टाकलं, ‘रजा भोगून हजर’. अण्णा घरी आले ते मार्चमध्ये, आठ दिवसांच्या सुट्टीवर.

तेव्हाच साहेबाला सांगायला हवं होतं. गेल्या दोन वर्षांत मी हे अण्णांना शंभरदा सुनावलंय. त्यांचं उत्तर ठरलेलं. ‘‘माणसं मेली होती गं अक्का. मी वहीसाठी कुठं भांडत बसू?’’

त्या वर्षी फौजेत असलेल्या सगळ्यांना एक पदक मिळालं. जे आघाडीवर होते त्यांना त्याशिवाय एक स्टार. अण्णांकडे पदक आहे, स्टार नाही. पन्नास वर्षं त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

मग दोन-अडीच वर्षांपूर्वी माजी सैनिकांच्या कँटीनमध्ये, साबण आणि तेलाच्या रांगेत, के. आर. पुरमहून आलेल्या एका म्हाताऱ्याने अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. तो त्या परक्या पलटणीतला होता. दोघे बाकावर बसले, अर्धं कन्नड अर्धं हिंदी बोलत राहिले आणि रांग कधी संपली ते त्यांना कळलंही नाही. मी सामान घेऊन आले तर अण्णा रडत होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला नदीकाठावर मेलेल्या एका जवानाबद्दल सांगितलं. अण्णांच्याच वयाचा होता. तोफेचा गोळा पडला, आणि तो अण्णांच्या मांडीवर डोकं ठेवून गेला. तीनदा पाणी मागितलं, तिन्ही वेळा अण्णांनी पाजलं. के. आर. पुरमच्या बाबांनी ते पाहिलं होतं.

‘‘मला तो स्टार लावून मिरवायचं नाही,’’ अण्णा ऑटोत म्हणाले. ‘‘पण तो मेला तेव्हा मी तिथं होतो. तेवढं लिहून पाहिजे. कागद म्हणतो मी घरी होतो. मग त्याच्याजवळ कोण होतं?’’

मी एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर आहे. अर्ज कसा सडतो हे मला आतून माहीत आहे. तरीही मी हो म्हणाले, आणि पुढची दीड वर्षं फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसचे हेलपाटे घातले. अर्ज तीन प्रतींत. डिस्चार्ज बुकाची साक्षांकित प्रत. शिक्का पुसट आला म्हणून पुन्हा तीच प्रत. मग जिवंत असल्याचा दाखला. अण्णा शेजारी बसलेले असताना तिथल्या माणसाने तो माझ्याकडे मागितला, तेव्हा मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. अण्णांनी माझा हात दाबला. ‘‘स्वल्प गप्प बस गं. तो पण नोकरीच करतोय.’’

थकले मी. अण्णांचे गुडघे गेलेत, ऑटोतून उतरायला त्यांना पाच मिनिटं लागतात, मागचे हॉर्न मारतात. मी अर्धा दिवस रजा टाकून यायचे आणि ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ ऐकून परत जायचे. कितीदा वाटलं, सांगावं, अण्णा, पुरे करा. पण के. आर. पुरमच्या बाबांनी साक्षीपत्र लिहून दिलं, नोटरी करून दिलं आणि चार महिन्यांनी ते गेले. त्यानंतर पुरे करा म्हणायला माझी जीभ रेटेना.

आमची फाइल बघणारा हवालदार कोल्हापूरकडचा होता. भला माणूस. आमचं मराठी ऐकून त्याला हसू यायचं. ‘‘ताई, तुमचं मराठी चालता चालता मधीच कन्नडात पाय घालतंय बघा,’’ म्हणायचा. मी म्हणायचे, आमच्या पूर्वजांसारखी साडेतीनशे वर्षं या कन्नड मुलखात राहून दाखवा, मग बोला. अण्णांना तो बाबा म्हणायचा. एके दिवशी त्याचा फोन आला, बाबांना घेऊन या. काम झालं असं धरूनच आम्ही निघालो. अण्णांनी कपाटातला कोट काढला, आईने त्याच्यावर ब्रश फिरवला.

हवालदार माझ्याकडे बघेना.

‘‘ताई, तुम्ही जरा बाहेर बसता काय?’’

‘‘का?’’

‘‘बाबांशी बोलायचं हुतं.’’

‘‘बाबांना कमी ऐकू येतं. तुम्ही त्यांच्याशी बोललात की ते बाहेर मलाही ऐकू येणार. इथेच बसते.’’

त्याने फाइल उघडली. साक्षीपत्र साहेबांनी मान्य केलं होतं. पण वरून एक शंका आली होती. ‘‘बाबा म्हणत्यात डिसेंबरात ते घरी नव्हते, मार्चात आले. आणि कुटुंबाच्या नोंदीत तुमचा जन्म त्या मार्चानंतरच्याच सप्टेंबरातला हाय. म्हणजे एक तर बाबा डिसेंबरात घरी हुते, नाहीतर...’’ तो थांबला आणि पेनचं टोपण लावू लागला.

डिसेंबर ते सप्टेंबर. हे नऊ महिने मोजायला कागद लागत नाही. अण्णांना उशिरा समजलं. समजलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा असा चेहरा मी आयुष्यात पाहिला नव्हता.

माझा जन्म सप्टेंबरातला नाही. तो डिसेंबरातला आहे, अण्णांच्या मार्चमधल्या सुट्टीनंतर बरोबर नऊ महिन्यांनी. शाळेत घालताना वय तीन महिने कमी पडत होतं. हेडमास्तरच म्हणाले, सप्टेंबर लिहू, मुलीचं वर्ष वाचेल. तेव्हा सगळेच असं करत, कुणाला त्यात खोटं बोलल्यासारखं वाटत नसे. पुढे अण्णांनी फौजेत माझी नोंद केली ती शाळेच्याच दाखल्यावरून. माझी दहावीची एस.एस.एल.सी., डिग्री, नोकरी, पासपोर्ट, सगळं त्या सप्टेंबरावर उभं आहे.

हवालदार खेडेगावातला, त्याने ओळखलंच. ‘‘आमच्याकडं तर आख्खी शाळा एक जूनला जन्मलीया,’’ तो हळूच म्हणाला. ‘‘जन्माचा खरा दाखला जोडा, काम हुईल. महिना हाय हातात. पण ताई, तुमच्या नोकरीचं तेवढं बघा.’’

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती आधी हसली. ‘‘बाई गं, ह्या वयात माझ्यावर आळ!’’ मग हसू थांबलं. ‘‘लिहू दे त्यांना काय लिहायचंय ते. मला कोण विचारायला येतंय?’’

‘‘तुझ्यावर असलं काही त्या फाइलीत येऊ देणार नाही मी,’’ अण्णा म्हणाले. ते आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी चढवला.

मी आणखी एक रजा टाकली आणि बसने आनेकलला गेले. आईचं माहेर तिथलं, बाळंतपण तिथेच झालेलं. जुनं रजिस्टर सापडायला दुपार गेली. त्यात डिसेंबरचं पान होतं, खबर देणारे म्हणून आजोबांचं नाव होतं आणि ‘मुलगी’ एवढंच लिहिलेलं होतं. मी उतारा घेतला. परतीच्या बसमध्ये तो पर्समध्ये घेऊन बसले आणि मला आमच्या खात्यातला एक सहकारी आठवत राहिला. त्याच्याही दोन कागदांवर दोन तारखा निघाल्या. त्याचा त्यात काडीचा फायदा नव्हता, पण चौकशी बसली, आरोपपत्र आलं, आणि निवृत्तीनंतरही तो फाइल घेऊन फिरतोय. माझी सात वर्षं उरली आहेत. घर माझ्या पगारावर चालतं, अण्णांच्या गुडघ्यांच्या औषधासकट.

संध्याकाळी मी उतारा टेबलावर ठेवला. अण्णांनी भिंग लावून वाचला, नीट घडी घातली.

‘‘तुझ्या ऑफिसात कळलं तर?’’

‘‘बघू.’’

‘‘बघू म्हणजे?’’

मी बोलायला कधी कमी पडत नाही, सगळ्या रेकॉर्ड ऑफिसला हे ठाऊक आहे. ‘काही होणार नाही, जोडा तुम्ही’ एवढंच म्हणायचं होतं. मी मूग गिळून बसले. त्यांनीच नको म्हणावं याची मी वाट बघत होते. हे मी आज लिहितेय, त्या दिवशी स्वतःलाही कबूल केलं नव्हतं.

‘‘सरी, ठीक आहे,’’ अण्णा म्हणाले. ‘‘कागद घे. मी सांगतो, तू लिही. माझा हात हलतो.’’

त्यांनी नंबर सांगितला, हुद्दा सांगितला. मग म्हणाले, ‘‘लिही, मी माझा अर्ज मागे घेत आहे. वयामुळे माझ्या आठवणीत घोटाळा झाला. सदर काळात मी रजेवर घरीच होतो.’’

‘‘अण्णा, के. आर. पुरमच्या बाबांनी खोटं लिहिलं असं होईल.’’

त्यांनी भिंग बाजूला ठेवलं. ‘‘तो गेला. त्याला आता कोणी नोटीस पाठवणार नाही. तुला पाठवतील.’’

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. ‘‘असं कसं लिहिता हो? तुम्ही नव्हता घरी. मी एकटी होते. रोज पोस्टमनची वाट बघत होते.’’

‘‘होतो म्हण,’’ अण्णा तिला म्हणाले. ‘‘कोणी विचारलं तर घरीच होते म्हण.’’

आई आत वळली. मला अजून हे थांबवता आलं असतं, उतारा तिथेच टेबलावर होता. पण मला हायसं वाटलं होतं, आणि ते इतकं वाटलं की मला माझीच शिसारी आली. मी ते वाक्य सुवाच्य अक्षरात लिहिलं, अण्णांना सहीची जागा दाखवली आणि पेन त्यांच्या हातात दिलं.