भिंतीसमोरचे पाठ

मुलांनो, शिक्षिका होण्याआधी मी काही महिने हुणसूरच्या पलीकडे एका खेड्यात काढले. तुमच्या आईलाही मी हे कधी नीट सांगितलेलं नाही. तेव्हा ती जेमतेम चालायला लागली होती आणि म्हैसुरात, अग्रहार नावाच्या पेठेत, माझ्या आईपाशी होती. मी विधवा झाले होते. शिकाऊ शिक्षिकांच्या शाळेचं सर्टिफिकेट मिळालं तर म्हैसुरात नोकरी आणि मुलगी माझ्याजवळ. नाही मिळालं तर आम्ही दोघींनी दिरांच्या दारात जाऊन राहायचं, असं घरात ठरलं होतं.

खेड्यात जाईपर्यंत आमचे सरावाचे पाठ त्याच आवारातल्या मुलींच्या शाळेत होत. एकीने शिकवायचं, बाकीच्यांनी मागे बसून चुका टिपायच्या आणि शेवटी उठून त्या तोंडावर सांगायच्या. मला ते मुळीच आवडत नसे. त्या वर्षी वरून हुकूम आला की खेड्यांतल्या मुलींना शिक्षिका मिळायच्या तर शिकाऊ बायकांनी आधी खेडं पाहावं. सगळ्यांत आधी मला पाठवलं.

शाळा देवळाच्या ओवरीत भरे. मुली मोजक्या, लहानमोठ्या एकत्र. पलीकडे मुलांना शिकवणारे वृद्ध मास्तर माझ्याकडे मान वर करून पाहत नसत. मी शानभोगांच्या, म्हणजे तिथल्या कुलकर्ण्यांच्या, मागच्या खोलीत राहायची. ते ब्राह्मण, आम्ही मराठे. माझं ताट उंबऱ्याबाहेर ठेवून घरची सून निघून जाई. कानडी मला परकी नव्हती, आमच्या गल्लीत निम्मं बोलणं कानडीतच चाले. पण तिथे मराठीचा एक शब्दही कानावर पडत नसे.

आणि चुका सांगायला मागे कोणी नव्हतं. इतकी चीड होती त्या मागच्या रांगेची, पण आता तिच्यावाचून करमेना. म्हणून दिवेलागणीला मी दार लावून दुसऱ्या दिवशीचा पाठ भिंतीला कानडीत शिकवायची. मग मागे ट्रंकेवर जाऊन बसायची आणि मराठीत स्वतःलाच झापायची. ‘काय गं, फळ्याकडे तोंड करून कोणाशी बोलत होतीस?’ कधी हसू येई, कधी रडू.

एका सोमवारी ओवरीत एकही मुलगी आली नाही. मंगळवारीही नाही. त्याच आठवड्यात आमच्या सुपरिंटेंडेंट बाई माझा पाठ पाहायला यायच्या होत्या. मुलीच नसतील तर पाठ कसला आणि सर्टिफिकेट कसलं? मी रिकाम्या ओवरीत त्या पाठासाठी आणलेलं उंटाचं चित्र टांगून बसून राहिले.

संध्याकाळी शानभोगांच्या म्हाताऱ्या आई माझ्या दाराशी आल्या. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाल्या, “अम्मा, खरं सांग. तुझा नवरा येतो का गं दिवेलागणीला?”

मला काही कळेना.

“सगळ्या गावाने ऐकलंय. एक आवाज कानडी बोलतो, दुसरा तुमच्या भाषेत रागावतो. पोरींच्या आया घाबरल्यात.”

“अज्जी, तो जिवंत असताना माझ्याशी धड बोलला नाही, आता कशाला येईल?” मी म्हटलं. मग भिंत, ट्रंक, सगळं सांगितलं. सांगता सांगता रडले.

त्या मात्र पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. “भिंतीला काय कळतंय? बाहेर ये, आम्हाला शिकव.”

त्यांनी सुनेला हाक मारली, शेजारणींना बोलावलं, आणि मी ओट्यावर उंटाचा पाठ घेतला. मागे चुका काढणाऱ्यांना तोटा नव्हता.

“इतकी पळतेस कशाला? पाठीमागे हत्ती लागलाय?”

“दूध देतो का तो? मग ते आधी सांग की!”

“आणि जरा हस गं मेष्ट्रम्मा, उंट बरा दिसतोय तुझ्यापेक्षा.” मेष्ट्रम्मा म्हणजे मास्तरीणबाई.

दुसऱ्या दिवशी मुली आल्या. दोन-तीन दिवसांनी बाई बैलगाडीतून आल्या, तेव्हा मी दुधापासून सुरुवात केली. ओवरीच्या खांबांशी आया उभ्या होत्या आणि मी घाई करू लागले की मोठ्याने खाकरत होत्या. बाईंनी पास केलं.

पण त्या ओट्यावरच्या संध्याकाळनंतर मी खोलीत मराठी बोलणं सोडलं. पुन्हा कोणी घाबरायला नको. ताट उंबऱ्याबाहेरच येत राहिलं. शेवटचे काही आठवडे माझ्या तोंडून आपल्या भाषेतला एक शब्दही निघाला नाही. ते दिवस आधीच्या दिवसांपेक्षा जड गेले.

म्हैसुरात परतल्यावर बाईंनी बोलावून विचारलं, “पुढच्या वर्षी आणखी गावं घ्यावीत म्हणते. तुझं काय मत?”

“जरूर घ्या,” मी म्हटलं. “पण एका गावाला दोघींना पाठवा.”

“इतक्या बायका आणू कुठून?” त्या म्हणाल्या. त्यांचंही खोटं नव्हतं.

सर्टिफिकेट घेऊन मी घरी गेले. तुमची आई आधी माझ्याकडे येईना, मग आली. पुढच्या वर्षी गावं वाढली आणि आमच्यातल्या आणखी काही जणी गेल्या, प्रत्येक गावाला एक.