साठची मशीन, एकशेवीसची कॅसेट

घरात टेपरेकॉर्डर एक आणि बोलणारे तिघं असले की किस्से साठतच जातात. कॅसेट मात्र साठ मिनिटांचीच! यांची नोकरी मस्कतला, आम्ही नागपुरात. पत्राऐवजी कॅसेटी जायच्या-यायच्या. यांच्या कॅसेटचा शेवट ठरलेला: "सुट्टीचं पुढच्या वर्षी पाहू."

*

सासूबाई मशीनला तोंड लावून ओरडायच्या.

"हळू बोला, ऐकू जातं त्यांना."

"तुले काय वं, समुद्रापार हाय तो!"

उमरेडच्या लग्नात कोण काय नेसलं होतं, यातच पहिली बाजू संपायची.

*

उरलेल्यात मी. शिकलेली ना, मुद्दे कागदावर काढून बोलायची. एकदा "मुन्नीला परवा एकशेतीन ताप होता" म्हटलं आणि पट्टी संपली. ताप उतरला, हे मी बंद पडलेल्या मशीनला सांगत बसले.

पुढे यांची तार आली: "मुन्नी कशी?" लेक अंगणात माती खात होती. तार वाचून मलाच ताप भरला.

*

म्हणून सीताबर्डीवरून एकशेवीसची कॅसेट आणली.

दुकानदार म्हणाला, "भाभी, मशीन जुनी आहे तुमची. एकशेवीसची पट्टी पातळ असते, मशीन ओढून घेते."

मला वाटलं, याला साठच्या दोन खपवायच्यात.

खरं कारण वेगळंच. मुन्नी वडिलांच्या फोटोला "बाबा" म्हणायला लागली होती. पण बटण दाबलं की गप्प. आता एका बाजूला सलग तासभर मिळणार होता. पन्नासाव्या मिनिटाला ती म्हणाली, "बाबा."

धीर कुठला? लगेच ऐकायला गेले. मशीनने पट्टी गिळली.

*

मामंजींचा जन्म हातमागावर गेलेला. त्यांनी पट्टी हलकेच सोडवली.

"जुन्या मागाले इतकं बारीक सूत झेपत नाही, सूनबाई. रडून काहून राहिली? सूतच तर तुटलं."

चुरगळलेला अर्ध्या बोटाएवढा तुकडा कापला आणि टोकं माझ्या नेलपॉलिशने सांधली. शेजारच्यांच्या नव्या मशीनवर लावून पाहिलं. मुन्नी म्हणाली, "बा." पुढे घरघर.

सासूबाई म्हणाल्या, "माह्या पोराले अर्धाच बाप धाडतं का वं?"

तरी धाडली.

*

यांची कॅसेट आली, साठचीच. आम्ही मुन्नीला घेऊन मशीनभोवती बसलो. दोन वाक्यं झाली आणि पुढची पट्टी नुसतीच फिरत राहिली. मामंजींनी उलटवून दुसरी बाजू लावली; तीही कोरी. पुन्हा पहिल्यापासून ऐकलं.

"एकच बा पोचला. दुसरा घ्यायले मी येऊन राहिलो."