बोडीवरच्या कॅमेऱ्याचं कनेक्शन

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी डबा खाताना वाचते, आणि निम्म्या तरी थापा असतात असं माझं मत होतं. मी चंद्रपूरची, नेटवर्कचं काम करते. लाइन बंद म्हणजे वायर, वीज नाहीतर सेटिंग... यापलीकडे काही नसतं, असंच मानत आले.

सावली तालुक्यात जंगलाला लागून एक गाव आहे, नाव देत नाही. वाघ-अस्वल शेताकडे आलं तर कळावं म्हणून तिथे खांबांवर कॅमेरे लावलेत. चित्रं फायरवॉलमधून, म्हणजे नेटवर्कच्या राखणदार यंत्रातून, आमच्या सावलीच्या ऑफिसात येतात. ऐन मोहफुलांच्या दिवसांत, बाया फुलं वेचायला रानात जात असताना, चित्रं बंद पडायला लागली.

कारण लवकर सापडलं. कोण कोणाशी बोलतंय हे फायरवॉल एका टेबलमध्ये, म्हणजे यादीत, लक्षात ठेवतो. ते भरलं की नवीन कनेक्शन घेत नाही. आमचं टेबल एकाच कॅमेऱ्याने भरलं होतं — बोडीवरच्या, म्हणजे गावतळ्याच्या काठच्या.

आणि तो कॅमेरा अस्वलाने आधीच ओरबाडून पाडला होता. फुटका माझ्याच कपाटात होता.

जुन्या नोंदी राहून गेल्या असतील म्हणून मी त्या पुसल्या. लगेच परत आल्या. मॅक ॲड्रेस, म्हणजे प्रत्येक यंत्राचा स्वतःचा नंबर, पाहिला, तर फुटक्या कॅमेऱ्याच्या स्टिकरवरचाच.

मग मी बोडीवर गेले. सोबत गावातले वायरमन देवाजीभाऊ, खांद्यावर कुऱ्हाड. भर सकाळ होती. खांबावर कॅमेरा नव्हता, तुटकी केबल लोंबत होती. खाली बसून मी केबल तपासली, तर तिच्यात जीवच नव्हता. तसं सांगायला ऑफिसात स्क्रीनसमोर बसलेल्या माझ्या सहकाऱ्याला, प्रफुलला, फोन लावला.

तो म्हणाला, "मॅडम, चित्र येऊन राह्यलं ना इथी. तुम्ही खांबाखाली बसून आहा."

मी वर पाहिलं. रिकामा खांब. त्याचा आवाज एकदम बदलला. "मॅडम, मागं..."

मी बाजूला उडी घेतली. झुडपातून अस्वल आलं ते माझ्या अंगाला घासून पुढे गेलं आणि देवाजीभाऊंवर पडलं. पंजाच्या पहिल्याच फटक्यात कपाळाची कातडी खाली लोंबली. मग त्याने त्यांचं डोकं तोंडात धरलं. हाडावर दात घासल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. पडलेली कुऱ्हाड उचलून मी त्याच्या थोबाडावर घालत राहिले. किती वेळा, माहीत नाही. माझ्या तोंडात रक्त उडालं, कोणाचं तेही माहीत नाही. मोह वेचणाऱ्या बाया ओरडत धावत आल्या तेव्हा ते गेलं.

देवाजीभाऊ वाचले. एक डोळा गेला.

प्रफुलने कितीतरी दिवसांनी सांगितलं. मला मागं पाहायला सांगितलं तेव्हा त्याच्या स्क्रीनवर सगळं होऊन गेलं होतं. खाली पडलेली मी होते. माझा चेहरा उरला नव्हता. देवाजीभाऊ गावाकडे पळत होते, धडधाकट.

त्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काहीच सापडलं नाही. फायरवॉलमधल्या नोंदीही त्याच सकाळी आपोआप गेल्या. मी सगळं तपासलं, मोठ्या इंजिनिअरांना विचारलं.

प्रफुलचं ऐकल्यानंतर गडचिरोलीच्या दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा देवाजीभाऊ माझा हात धरून म्हणाले, "बाई, तुमी होत्या म्हनून मी वाचलो."

मी मान डोलावली, स्क्रीनवर ते धडधाकट पळत होते हे मात्र सांगितलं नाही.